बॉल नंतर, पाय आधी

नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या बाजूला ज्या सिमेंटच्या कोर्टवर मी बास्केटबॉल खेळायला शिकले, त्याच कोर्टवर पुढे पंचाचं काम शिकले. तिथे दोन खेळांच्या रेषा एकमेकींवर मारलेल्या आहेत, पांढऱ्या बास्केटबॉलच्या आणि पिवळ्या व्हॉलीबॉलच्या. एका बाजूला साइडलाइनपासून जेमतेम दोन पावलांवर कुंपणाची जाळी, दुसऱ्या बाजूला कडुलिंब, आणि त्याची एक फांदी कोपऱ्यावर थेट आत आलेली. नियमपुस्तकातलं कोर्ट २८ बाय १५ मीटरचं असतं आणि रेषेपासून किमान २ मीटरपर्यंत कसलाही अडथळा चालत नाही. आमच्याकडे ती मोकळी जागा नाही. त्यामुळे पुस्तकात एका ओळीत उरकलेल्या गोष्टी आमच्यासमोर दर रविवारी घडत असत.

गुडघ्याच्या दुखण्याने माझं स्पर्धेतलं खेळणं थांबलं होतं, पण कोर्टपासून लांब राहवेना. हिवाळ्यात काही जुने पंच नव्यांसाठी वर्ग घेतात असं कळलं, आणि मी जायला लागले. सकाळी सातला नाशिकच्या थंडीत सिमेंटवर दव असायचं, म्हणून आधी कापडाने रेषांच्या कडा पुसून घ्यायच्या आणि मग सुरुवात. शिकवणाऱ्यांना सगळे नुसतंच ‘सर’ म्हणत.

सुरुवातीला शिट्टी हातात मिळालीच नाही. मुलं खेळत होती, आम्ही बाजूला उभे. सर मध्येच खेळ थांबवायचे आणि आमच्यातल्या एकाकडे वळून विचारायचे, “निळ्या सात नंबरचा डावा पाय कुठे होता?” बॉल कुठे होता ते सगळ्यांना सांगता यायचं, पायाचं कुणालाच नाही. सर म्हणायचे, “बॉल बघायला अख्खं मैदान आहे. पाय बघायला फक्त तू आहेस.”

मैदानावर ‘आऊट कोणाचा?’ या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर ठरलेलं असतं: लास्ट टच. ते बरोबरच आहे, पण अर्धं आहे. नियमात दोन गोष्टी आहेत. खेळाडू कधी बाहेर, ही एक. बॉल कधी बाहेर आणि कोणामुळे, ही दुसरी. खेळाडूच्या शरीराचा कुठलाही भाग रेषेवरच्या किंवा रेषेबाहेरच्या जमिनीला लागला, किंवा तिथल्या कुठल्याही वस्तूला लागला, की तो बाहेर. फक्त ती वस्तू म्हणजे दुसरा खेळाडू नको. आणि बास्केटबॉलची रेषा कोर्टात मोडत नाही, ती बाहेरचीच. आमच्या कोर्टवर हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण पिवळ्या रेषेवर पडलेला व्हॉलीबॉल आत असतो आणि त्याच मुलांनी तासाभरापूर्वी त्यावरून पॉइंट घेतलेला असतो.

हवेतला खेळाडू कुठला, हेही इथेच ठरतं. त्याचा पाय शेवटचा जिथे टेकला होता, तिथला तो. आतून उडी मारून रेषेच्या पलीकडे हवेत बॉल झेलला आणि जमिनीला लागायच्या आत परत आत फेकला, तर खेळ चालू. बाहेरून उडी मारली आणि हवेत असताना बॉलला बोट जरी लागलं, तरी आऊट, मग तो पुढे आत उतरला तरी काही फरक पडत नाही. पंचाने म्हणून पाय आधी बघायचा. बॉल येईपर्यंत ‘हा आत, तो बाहेर’ अशी नोंद डोक्यात झालेली हवी. बॉल लागल्यावर पायाकडे नजर नेली तर तोवर पाय हललेला असतो.

सरांनी एका सकाळी दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवले आणि त्यातून मला हा नियम खरा कळला. पहिला असा. निळ्या संघाची मुलगी साइडलाइनला लागून ड्रिबल करते आहे, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत नेते आहे. पांढऱ्या संघाची मुलगी तिला अडवते आहे आणि तिचा एक पाय रेषेबाहेर आहे. ड्रिबलचा बॉल चुकून पांढरीच्या मांडीला लागतो आणि परत निळीच्या हातात येतो. निर्णय? आऊट. पांढरी बाहेर होती, बॉल तिला लागला, म्हणजे तिनेच बाहेर घालवला. थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून बॉल आत टाकायची संधी, निळ्या संघाला.

दुसरा प्रसंग. निळी तशीच साइडलाइनने येते आहे, स्कोअररच्या टेबलासमोरून. बॉल उसळून, बदली म्हणून आत यायची वाट बघत खुर्चीवर बसलेल्या पांढऱ्या संघाच्या मुलीच्या गुडघ्याला लागतो आणि परत निळीच्या हातात. आता? इथेही आऊट, पण थ्रो-इन पांढऱ्या संघाला. खुर्चीवर बसलेली मुलगी त्या क्षणी खेळाडू नाही. ती बाहेरची माणूस आहे, खुर्चीसारखीच. तिच्याआधी बॉल शेवटचा लागला तो निळीला, म्हणून बाहेर घालवला निळीने.

वर्गातल्या एकाने लगेच विचारलं, “सर, दोन्हीकडे बाहेर असलेल्या पांढरीलाच लागला ना?” सरांनी त्याला स्वतःलाच बोलू दिलं. त्याने दोन्ही प्रसंग पुन्हा मांडले, बोटांवर मोजत, आणि ‘ही खेळतेय, ती खेळत नाहीये’ इथे येऊन थांबला. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, अधिकृत स्पष्टीकरणांत हे दोन्ही प्रसंग आहेत. मला त्यातली शिस्त फार आवडते. आधी माणूस कोण, मग तो कुठे, मग बॉल, मग त्याआधी कोण. या क्रमाने गेलं की विचित्र वाटणारा प्रसंगही विचित्र राहत नाही.

याच नियमाची उलटी बाजू मैदानावर फार भांडणं लावते. ड्रिबल करणाऱ्याचा हात किंवा खांदा बाहेर पाय असलेल्या बचावपटूला लागला, की बेंचवरून ओरडा होतो, “बाहेरच्याला टच झाला, आऊट!” नाही. दुसऱ्या खेळाडूला लागल्याने कुणी बाहेर होत नाही. बॉल ज्याच्याकडे आहे त्याचे पाय आत आहेत, बॉल बाहेरच्याला लागलेला नाही, खेळ चालू. इथे पंचाने शिट्टी ओठांवरून खाली घ्यायची.

पंच स्वतःही या हिशेबात येतो. बॉल पंचाला लागला, तर पंच जिथे उभा आहे तिथल्या जमिनीला लागला असं धरतात. तो आत असेल तर खेळ चालू, त्याचा पाय रेषेवर असेल तर बॉल आऊट. जाळीमुळे आमच्या कोर्टवर पंचाला बाहेर नीट उभं राहायलाच जागा नसते, तो रेषेवर ये-जा करत असतो. म्हणून सर आम्हाला स्वतःचे पायही लक्षात ठेवायला लावत. आणि ती कडुलिंबाची फांदी? कोर्टच्या वर लोंबणाऱ्या कुठल्याही वस्तूला बॉल लागला की आऊट. जी शेवटची खेळली तिच्या विरुद्ध. उंच पास देणाऱ्या मुली त्या कोपऱ्यात आपोआप बाउन्स पास, म्हणजे जमिनीवर उसळवून दिलेला पास, द्यायला शिकल्या.

बास्केटमागच्या बोर्डाबद्दल मात्र घोळ होतो, कारण मुलं मोबाइलवर एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक लीग बघतात. एनबीएत बोर्डाच्या थेट मागून गेलेला बॉल, कशालाही न लागता गेला तरी, आऊट धरतात. फिबाच्या नियमांत तसं नाही. बोर्डाची मागची बाजू किंवा त्याचा खांब, आधार यांना लागला तर आऊट. वरून पलीकडे गेला आणि कशालाच लागला नाही तर खेळ चालू. बोर्डाच्या कडा, वरची, खालची, बाजूच्या, सगळ्या खेळातल्या. बोर्डाचा दर्शनी भाग एंडलाइनपासून, म्हणजे बास्केटच्या मागच्या रेषेपासून, १.२० मीटर आत असतो, त्यामुळे बोर्डाच्या मागेही कोर्ट आहेच आणि तिथून शॉट मारायचा प्रयत्न करणारे उत्साही असतातच. आपल्या शालेय स्पर्धा फिबाच्या नियमांनी होतात, एवढं सांगून मी पुढे जाते. तिथे वाद घालत बसायची गरज नसते.

खरं कठीण आहे ते आऊट आणि धक्का एकत्र आल्यावर. साइडलाइनजवळ ड्रिबल करणारा आणि त्याला रेषेकडे रेटणारा बचावपटू, हे दृश्य प्रत्येक सामन्यात पुन्हा पुन्हा येतं. ड्रिबल करणारा रेषेवर पाय ठेवतो. आऊट? की फाऊल?

सर सांगत, “दोघांच्या मधली फट बघ, आणि आधी बचाव करणाऱ्याला बघ.” बचावपटूने दोन्ही पाय जमिनीवर ठेवून प्रतिस्पर्ध्याकडे तोंड केलं, की त्याला ती जागा मिळाली. बॉल हातात असलेल्यासमोर ती जागा कितीही जवळ आणि कितीही झटकन घेता येते. बॉल ज्याच्या हातात आहे त्याने थांबायला किंवा वळायला तयार असायलाच हवं, असं नियम मानतो. बॉल नसलेल्या खेळाडूला मात्र वेळ आणि अंतर द्यावं लागतं, कमीत कमी एक पाऊल. जागा मिळाल्यानंतर बचावपटू आडवा सरकू शकतो, मागे जाऊ शकतो, सरळ वर उडी मारू शकतो. “हलत होता ना, मॅडम!” ही तक्रार मी सतत ऐकते. हलणं हा गुन्हा नाही. त्याच्या छातीवर धडक बसली आणि तो मागे किंवा बाजूला सरकत होता, तर जबाबदारी धडकणाऱ्याची. त्याने कंबर, गुडघा किंवा हात आपल्या सिलिंडरबाहेर काढून ढकललं, तर त्याची. सिलिंडर म्हणजे खेळाडूभोवतीची काल्पनिक उभी जागा: पुढे तळहातांपर्यंत, मागे नितंबांपर्यंत, बाजूंना हातापायांच्या बाहेरच्या कडांपर्यंत.

म्हणजे साइडलाइनवर उत्तरं तीन निघतात. बचावपटूने नीट जागा घेतली, धक्का नाही, ड्रिबल करणारा स्वतःच वाट नसताना घुसून रेषेवर गेला: आऊट, बॉल समोरच्यांना. तो बचावपटूच्या छातीवर आदळला: आक्रमकाचा फाऊल. बचावपटूच्या कंबरेने तो रेषेवर ढकलला गेला: बचावाचा फाऊल, पाय रेषेवर पडला तो नंतर. बाजूने बघणाऱ्याला तिन्हींचा शेवट अगदी एकसारखा दिसतो, पाय रेषेवर आणि बॉल बाहेर. फरक त्याआधीच्या अर्ध्या सेकंदात असतो आणि तो बॉलकडे बघणाऱ्याला दिसत नाही.

सरांचा एक सराव मला अजून उपयोगी पडतो. शिट्टी न वाजवता फक्त हात वर करायचा. फाऊल असेल तर मूठ, आऊट असेल तर बोटं जुळवलेला उघडा पंजा. मूठ की पंजा, हे हात वर जायच्या आत ठरलेलं हवं. हात वर गेल्यावर मूठ उघडली, तर सगळ्या मैदानाला कळतं की पंचाचं ठरलेलं नाही. आम्ही आठवडेच्या आठवडे असे हात वर करत होतो. जाळीपलीकडून फिरायला निघालेले आजोबा थांबून बघायचे.

त्याहूनही बारीक प्रसंग म्हणजे सुटा बॉल. दोघी धावतात. पांढरीचा हात निळीच्या मनगटावर बसतो, त्यामुळे बॉल निळीच्या बोटांना लागून बाहेर जातो. लास्ट टच निळीचा आहे, यात वाद नाही. पण बॉल तिच्या बोटांना लागला तो पांढरीच्या हातामुळे. इथे पंचाला एक प्रश्न विचारावा लागतो: त्या स्पर्शाने निळीच्या खेळण्यात फरक पडला का? तिचा हात जागचा सरकला का? सरकला असेल तर मूठ वर, फाऊल. नुसतं घासलं असेल आणि बॉलवरचा ताबा तिचा तिनेच सोडला असेल, तर पंजा वर आणि बॉल पांढऱ्यांना. ‘थोडासा लागला पण आऊट निळ्यांनाच देऊन टाकू, म्हणजे कुणी रागावणार नाही’ ही तिसरी वाट अनेक मैदानांवर चालते. मला ती मान्य नाही. फाऊल झाला असेल तर तो स्कोअरशीटवर लागला पाहिजे, झाला नसेल तर लास्ट टच पाळला पाहिजे. मुलं त्या तडजोडीतून चुकीचा नियम शिकतात.

हा पेच मोठ्या स्पर्धांनाही सुटलेला नव्हता. रिप्लेवर लास्ट टच स्पष्ट दिसायचा, त्याआधीचा हातावरचा फटकाही दिसायचा, पण पंचांना फक्त लास्ट टचच ठरवता यायचा. २०२४-२५ च्या हंगामापासून एनबीएने आऊटच्या निर्णयाला कोचने आव्हान दिल्यावर, त्या क्षणाला लागूनच सुटलेला फाऊल दिसला तर तो देण्याची मुभा पंचांना दिली. फिबाच्या मोठ्या स्पर्धांत शेवटच्या क्वार्टरच्या अखेरच्या दोन मिनिटांत आणि जादा वेळेत बॉल कोणामुळे बाहेर गेला हे पडद्यावर तपासता येतं. शाळांच्या सामन्यांत दोन पंच, चार डोळे, एवढंच. म्हणून कोण कुठे बघतो याची वाटणी पक्की असते. एंडलाइनजवळचा लीड पंच एंडलाइन आणि आपल्या डावीकडची साइडलाइन सांभाळतो, मागचा ट्रेल पंच आपल्या डावीकडची साइडलाइन आणि मधली रेषा. दुसऱ्याच्या रेषेवर शिट्टी मारायची नाही. त्याने मदतीसाठी बघितलं तरच आपल्याला दिसलं ते सांगायचं.

आणि दोघांनाही खात्री नसेल तर? किंवा एकाने निळा म्हटलं आणि दुसऱ्याने पांढरा? दोन्ही अंगठे वर, जंप बॉल. प्रत्यक्षात बॉल उडवत नाहीत, टेबलावरचा, संघांची आळीपाळीने पाळी दाखवणारा बाण ज्या संघाकडे असेल त्याला थ्रो-इन. नवे पंच हा इशारा करायला कचरतात, त्यांना तो दुबळेपणा वाटतो. माझ्या मते तो नियमाने दिलेला प्रामाणिक निर्णय आहे. फक्त दोघांची चर्चा दोन वाक्यांत संपली पाहिजे.

या खेळाला सुरुवातीपासून रेषेची अडचण आहे. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला पहिले तेरा नियम लिहिले. त्यात बाहेर गेलेला बॉल ज्याचा हात पहिला लागेल त्याचा होता, आणि वाद झाला तर पंचाने तो सरळ आत फेकायचा. साहजिकच सगळे बाहेर गेलेल्या बॉलमागे धावत. थ्रो-इनचे पाच सेकंद मात्र तेव्हापासून आजपर्यंत तसेच आहेत.

मुलींच्या एका शालेय सामन्यात, पंचवटीतल्या एका हॉलमध्ये, सरांचा तो पहिला प्रसंग माझ्यासमोर जसाच्या तसा आला. दोन गुणांचा फरक, शेवटची मिनिटं. मी ट्रेल होते, साइडलाइन माझी. निळी मुलगी रेषेला लागून निघाली. पांढरी पाच नंबरची तिला अडवायला आली आणि तिची टाच रेषेवर पडली. माझी नजर टाचेवर होती. निळीने बॉल उजवीकडून डावीकडे घेताना तो पांढरीच्या पोटरीला घासून परत निळीच्याच हातात आला, आणि ती पांढरीला ओलांडून मोकळी सुटली. मी शिट्टी वाजवली, पंजा वर, बॉल निळ्यांना.

दोन्ही कोच उभे राहिले. निळ्यांचे सर म्हणाले, “मॅडम, आमची मुलगी बास्केटला निघाली होती!” पांढऱ्यांच्या मॅडम म्हणाल्या, “बॉल तर तिच्याच हातात गेला, मग आऊट कशाचा, आणि आऊट असेल तर बॉल आमचा!” मी टेबलाकडे निर्णय दाखवला आणि दोघांना ऐकू जाईल असं एकच वाक्य बोलले, “पाच नंबरची टाच रेषेवर होती आणि बॉल तिला लागला.” खेळ सुरू झाला. निळीचा तो मोकळा लेअप, बास्केटजवळून मारायचा सोपा शॉट, गेला हे खरं आहे, आणि त्याचं मला वाईट वाटलं. पण बॉल त्या क्षणी मृत झाला होता. फायदा कोणाचा हे बघून तो जिवंत ठेवता येत नाही.

सामन्यानंतर पांढऱ्यांच्या मॅडम माझ्याकडे आल्या. रागावलेल्या नव्हत्या, नियम नीट समजून घ्यायचा होता. आम्ही बाहेर चहा घेत टपरीच्या बाकावर तीन ग्लास मांडून प्रसंग पुन्हा खेळलो. त्या म्हणाल्या, “मीच मुलींना शिकवते, साइडलाइनला आपली सहावी खेळाडू समजा, रेषेपर्यंत बंद करा.” ते शिकवणं चांगलंच आहे. फक्त बंद करताना पाऊल रेषेच्या आतल्या कडेशी थांबलं पाहिजे. पुढच्या वेळी त्यांचा सराव बघितला, तर साइडलाइनच्या आत हातभर अंतरावर खडूची दुसरी रेघ मारलेली होती आणि मुली त्या रेघेवर पाय रोवून अडवत होत्या.

आता सरांच्या वर्गात नव्यांबरोबर मीही उभी राहते. मला सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटतो तो उडी मारलेल्या खेळाडूच्या सुरक्षेला. जिथून उडी मारली तिथे उतरण्याचा त्याला हक्क आहे. दुसरीकडे उतरायचं असेल, तर ती जागा आणि तिथवरची वाट उडीच्या क्षणी मोकळी असली पाहिजे. तो हवेत गेल्यावर त्याच्या खाली सरकणं हा बहुतेक वेळा अनस्पोर्ट्समनलाइक (खेळभावनेला न शोभणारा) फाऊल, कधी कधी थेट बाहेर काढण्याइतका गंभीर. सिमेंटवर पाठीवर पडलेलं मूल मी बघितलेलं आहे. बॉल वाचवायला साइडलाइनपलीकडे झेपावणाऱ्याच्या बाबतीत तर समोर खुर्च्या आणि जाळी असते. इथे मी नव्या पंचांना बॉल आत परत आला की नाही ते दुसऱ्या पंचावर सोडून, उतरणाऱ्या मुलावर नजर ठेवायला सांगते.

परवाच्या रविवारी सराव सामन्यात एका मुलाने थ्रो-इनची जुनी युक्ती केली. एंडलाइनमागून त्याने बॉल पाठमोऱ्या बचावपटूच्या पाठीला हलकेच लावला आणि स्वतः आत झेपावून झेलला, मग सरळ बास्केट. युक्ती कायदेशीर आहे, पाठीला लागल्यावर थ्रो-इन करणाऱ्याला बॉल घेता येतो. पण याने बॉल झेलला तो हवेत, आणि दोन्ही पाय नंतर आत उतरले. लीडला उभ्या असलेल्या, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीने लगेच पंजा वर केला. पोरं ओरडली, “ताई, दोन्ही पाय आत होते!” ती म्हणाली, “झेललास तेव्हा तुझा शेवटचा पाय बाहेर टेकलेला होता.” मग बास्केट रद्द, थ्रो-इन बचावाच्या संघाला, आणि तिने जागा दाखवली ती बोर्डाच्या थेट मागची नाही, त्याच्या थोडी बाजूची.